अकरा बाय पंधराच्या खोलीतला स्टुडिओ: लेन्स कोणती घ्यावी?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या एका गावातून आलेला प्रश्न असा: "घरातली समोरची खोली स्टुडिओसाठी मोकळी केली आहे. रुंदी ११ फूट, लांबी १५ फूट, वर टिन, दार छपरीत उघडते. कॅनन १५००डी आहे आणि त्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. पासपोर्ट, स्थळासाठीचे फोटो, लहान मुले, घरच्यांचे ग्रुप अशी कामे येतील. ८५ मिमी एफ/१.८ घ्यायचे डोक्यात आहे, व्हिडिओत सगळे तीच सांगतात. घेऊ का?"

भाऊ, आत्ता घेऊ नका. (मिमीचा आकडा जितका मोठा तितकी चौकट अरुंद; एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते.) लेन्स उत्तम आहे, पण तुमची खोली तिला पुरत नाही. व्हिडिओत दिसणारे हॉल बहुधा मोठे असतात आणि हातात फुल फ्रेम कॅमेरा असतो. फुल फ्रेमचा सेन्सर, म्हणजे आत चित्र टिपणारी पट्टी, ३६ बाय २४ मिमी, तुमच्या १५००डीचा २२.३ बाय १४.९. त्यामुळे तुमच्या कॅमेऱ्यावर ८५ लावली की फुल फ्रेमवर १३६ मिमीची लेन्स लावल्यासारखी अरुंद चौकट दिसते. उलट ५० मिमी तुमच्याकडे ८० चे काम करते. म्हणजे ते लोक ८५ मधून जे बघतात, ते तुम्हाला ५० मधूनच दिसणार आहे, आणि ५० ची किंमत ८५ पेक्षा कितीतरी कमी आहे.

लेन्सचा विचार करण्याआधी टेप घेऊन खोली मोजा. पंधरा फूट लांबी म्हणजे पंधरा फूट तुमच्या हातात आले असे होत नाही. माणूस पडद्याला चिकटून उभा केला तर त्याची सावली पडद्यावर ठसठशीत उमटते, म्हणून त्याला निदान साडेतीन फूट पुढे घ्यावे लागते. तुमची पाठ, कोपर आणि कॅमेरा मिळून मागे दीड फूट जातो. उरले दहा फूट. तुमचा स्टुडिओ या दहा फुटांचाच आहे असे धरून चला.

आता साधा हिशोब. कॅमेऱ्यापासून माणसापर्यंतचे अंतर फुटांत घ्या, त्याला सेन्सरच्या लांब बाजूने, म्हणजे २२.३ ने गुणा आणि लेन्सच्या मिमीने भागा. चौकटीत किती फूट मावतील ते येते. निकॉन किंवा सोनीचा क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा, कॅमेरा असेल तर २२.३ ऐवजी २३.५ धरा. कॅमेरा उभा धरून दहा फुटांवरून बघितले तर ८५ मध्ये जेमतेम अडीच फूट मावतात, म्हणजे डोके आणि छाती. पाठ भिंतीला टेकवूनही कमरेच्या खाली उतरता येणार नाही. ५० मध्ये साडेचार फूट येतात, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा माणूस. ३५ मध्ये सुमारे सव्वासहा फूट, म्हणजे साडेपाच फुटांचा माणूस डोक्यापासून पायापर्यंत, वर-खाली थोडी जागा ठेवून. २४ मध्ये नऊ फुटांच्या वर.

यावरून वाटेल की मग २४ च घ्यावी, सगळेच मावेल. इथे पडद्याचा प्रश्न येतो आणि लहान खोलीत तो फार मोठा असतो. माणूस दहा फुटांवर, पण पडदा साडेतेरा फुटांवर आहे. तितक्या अंतरावर आडव्या चौकटीत २४ मिमीला साडेबारा फूट रुंदी दिसते. तुमची खोलीच अकरा फूट आहे. म्हणजे पडद्याचे स्टँड, बाजूची भिंत, खिडकीची चौकट, बोर्डावरची वायर असे सगळे फोटोत येणार. ३५ ला त्याच जागी साडेआठ फूट पडदा लागतो, ५० ला सहा, ८५ ला साडेतीन. बाजारात मिळणारा कापडी पडदा साधारण आठ-नऊ फूट रुंद असतो. म्हणून तुमच्या खोलीत ३५ ही शेवटची सोयीची पायरी आहे. त्याहून रुंद लेन्स वापरायची तर माणसे पडद्याच्या जवळ न्यावी लागतात, आणि मग सावलीची वेगळी काळजी घ्यावी लागते.

तुम्ही दार छपरीत उघडते असे लिहिले आहे. ते आखूड भिंतीत असेल आणि पडदा त्याच्या बरोबर समोर लावता येत असेल, तर तुमची अर्धी अडचण तिथेच सुटली. तिपाई छपरीत, दारापासून पाच फूट मागे ठेवा आणि दारातून आत फोटो काढा. दहाचे साडेसोळा फूट होतात आणि ५० मिमीमध्ये उभ्या चौकटीत सव्वासात फूट मावतात. अख्खा माणूस, अख्खी साडी, नऊवारीचा ओचासुद्धा. तीन फुटांचे दार आड येत नाही, कारण पाच फुटांवर आडव्या चौकटीलाही ५० मिमीला दोन-सव्वादोन फुटांचीच वाट लागते. खेड्यातल्या घराला ओसरी-छपरी असते हा शहरातल्या फ्लॅटपेक्षा तुम्हाला मिळालेला मोठा फायदा आहे, तो वापरा. पडदा कुठे लावायचा हे दार बघूनच ठरवा. बरेच जण आधी पडद्याची भिंत पक्की रंगवतात आणि मग कळते की दार बाजूला राहिले.

चेहऱ्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात गैरसमज फार आहेत. नाक मोठे दिसणे, कान मागे गेल्यासारखे दिसणे, हे लेन्समुळे होत नाही. तुम्ही किती जवळ उभे आहात त्यामुळे होते. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण पाच इंच धरा. अडीच फुटांवरून फोटो काढला तर कान नाकापेक्षा सुमारे १७ टक्के दूर पडतात, त्या प्रमाणात लहान दिसतात आणि चेहरा फुगतो. सहा फुटांवरून हाच फरक ७ टक्क्यांवर येतो आणि चेहरा ओळखीचा दिसतो. रुंद लेन्स लावली की आपण नकळत जवळ सरकतो, आणि दोष लेन्सच्या माथी जातो. नियम एवढाच ठेवा: कोणाचाही चेहरा पाच फुटांच्या आतून काढायचा नाही, लेन्स कुठलीही असो. जमिनीवर टेप चिकटवून पाच फुटांची खूण करून ठेवा.

पासपोर्टचे काम यामुळे सोपे होते. ५० मिमीने पाच फुटांवरून उभ्या चौकटीत सव्वादोन फूट येतात, डोके आणि खांदे व्यवस्थित बसतात. ३५ ने काढला तरी बिघडत नाही. त्याच पाच फुटांवरून काढा आणि नंतर कापा. ३.५ बाय ४.५ सेंमीचा फोटो ३०० डीपीआयने छापायला ४१३ बाय ५३१ पिक्सेल पुरतात, आणि तुमचा कॅमेरा ६००० बाय ४००० देतो. कापायला भरपूर जागा आहे. चौकट भरायची म्हणून पुढे सरकू नका.

मग घ्यायचे काय? आधी काहीच नाही. तुमच्याकडची १८-५५ लेन्स हीच तुमची चाचणीची लेन्स आहे. तिच्या रिंगवर १८, २४, ३५, ५५ असे आकडे आहेत. पडदा लावा, घरातल्या कोणाला तरी उभे करा आणि ३५ व ५० च्या आसपास रिंग ठेवून पासपोर्ट, कमरेपर्यंत, अख्खा माणूस, चार जणांचा ग्रुप असे सगळे काढून बघा. महिनाभर याच लेन्सने काम करा आणि मग काढलेल्या फोटोंची माहिती उघडून बघा. प्रत्येक फोटोत किती मिमीवर काढला ते लिहिलेले असते. बहुतेक फोटो ४५ ते ५५ च्या दरम्यान असतील तर ५० घ्या. ३० ते ३५ च्या दरम्यान गर्दी असेल तर खोली तुम्हाला तिकडे ढकलते आहे. हा पुरावा कुठल्याही व्हिडिओपेक्षा खरा, कारण तो तुमच्या खोलीचा आणि तुमच्या गिऱ्हाइकांचा आहे.

माझा अंदाज, तुमचे उत्तर ५० मिमी एफ/१.८ एसटीएम हेच येईल. ही लेन्स कॅननने २०१५ मध्ये आणली, ३५ सेंमीपर्यंत जवळचा फोकस घेते, हलकी आहे, आणि जुनीही सहज मिळते. ग्रुप आणि अख्ख्या माणसासाठी १८-५५ आहेच. निकॉनचा क्रॉप कॅमेरा असता तर मी ३५ मिमी एफ/१.८जी डीएक्स आधी घ्यायला सांगितले असते, कारण निकॉनकडे ती स्वस्तात मिळते. कॅननकडे क्रॉपसाठी तशी स्वस्त ३५ एफ/१.८ नाही. २४ मिमी एफ/२.८ आहे, छान आणि चपटी, पण ती का नको ते वर आलेच. निकॉन घेणाऱ्यांनी आणखी एक बघावे: ५० मिमी १.८डी ही जुनी लेन्स डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांवर ऑटोफोकस करत नाही, कारण त्या कॅमेऱ्यांत मोटर नाही. १.८जी घ्यावी. आणि तुम्ही पुढे कॅननचा मिररलेस आर५० किंवा आर१० घेतलात तरी आजची ईएफ, म्हणजे १५००डीच्या जोडणीची, ५० वाया जात नाही, अडॅप्टरवर चालते. उलटे मात्र होत नाही, त्या कॅमेऱ्यांची आरएफ लेन्स १५००डीवर बसत नाही.

लग्नाची कामेही करणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथे लेन्स बदलायला वेळ नसतो, आणि सिग्माची १७-५० एफ/२.८ जुनी, चांगल्या स्थितीत मिळाली तर ती स्टुडिओ आणि मांडव दोन्ही सांभाळते.

आता पैशाचा खरा प्रश्न. ८५ साठी ठेवलेल्या रकमेत ५० येईल आणि पैसे उरतील. ते उजेडावर घाला. स्टुडिओत फ्लॅश लावला की आपण एफ/५.६ किंवा एफ/८ वर काम करतो. तिथे तुमची १८-५५ किट लेन्सही पुरेशी धारदार असते, आणि महागड्या लेन्सचे १.८ किंवा १.४ वापरलेच जात नाही. सेलवर चालणारा एक मॅन्युअल फ्लॅश, ट्रिगर (कॅमेऱ्यावरून तो फ्लॅश उडवणारा), एक स्टँड आणि पांढरी छत्री, एवढ्याने तुमच्या फोटोत जो फरक पडेल तो कुठल्याही लेन्सने पडणार नाही. फ्लॅश छताकडे वळवून उजेड खाली घेण्याची युक्ती तुमच्याकडे चालणार नाही. कवेलूखाली किंवा टिनाखाली तो उजेड एक तर परततच नाही, नाही तर लाल-करडा होऊन परततो. छत्रीच हवी. भिंती निळ्या-हिरव्या असतील तर तोच रंग गालावर उतरतो. निदान फोटो काढायच्या बाजूला पांढरा चुना मारा किंवा पांढरी चादर टांगा.

ट्रिगर घेताना एक पक्के बघा. १५००डीच्या फ्लॅशच्या खाचेत मधली पिन नाही. एका पिनवर चालणारे साधे ट्रिगर त्यावर फ्लॅश पेटवत नाहीत. दुकानात स्वतःचा कॅमेरा नेऊन, लावून, उडवून बघा आणि मगच पैसे द्या. शटर १/२०० सेकंदाच्या वर नेऊ नका, नाही तर फोटोत काळी पट्टी येते.

मग एफ/१.८ कशाला घ्यायची, असे विचाराल. लाइन जाते त्या वेळेसाठी. किट लेन्स ५५ वर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. ५० ची १.८ तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते. फ्लॅशचे सेल उतरलेत, लाइन नाही, आणि तेवढ्यात मोझरीहून आलेला पाहुणा संध्याकाळच्या गाडीने परत जायचा म्हणून मुलीचा फोटो आत्ताच हवा, अशा वेळी खिडकीशेजारी बसवून एफ/२.८ वर सुंदर फोटो निघतो. खिडकी उत्तरेची असेल तर उत्तम, पण आपल्याकडे मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही थेट ऊन शिरते. जुने पांढरे धोतर खिडकीला ताणून बांधा, मऊ उजेड मिळतो. लाइन असताना एलईडी बल्बवर काम करत असाल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त बल्ब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि वेगळ्या शटरला फोटोत पट्टे दिसतात.

१.८ आहे म्हणून प्रत्येक फोटो १.८ वर काढू नका. पाच फुटांवरून ५० मिमीला १.८ वर पुढून मागे सगळे मिळून सहा सेंमीचाच पट्टा स्पष्ट येतो. जवळचा डोळा धारदार, दूरचा कान विरघळलेला. स्थळासाठीच्या फोटोत घरच्यांना मुलीचे डोळे दिसायला हवेत तसे पदराचे काठ आणि कानातलेही दिसायला हवे असतात. तिथे एफ/४ ते एफ/५.६ ठेवा. पडद्याच्या सुरकुत्या लेन्स पुसून टाकेल या भरवशावरही राहू नका. साडेतीन फूट मागच्या पडद्याच्या घड्या ५.६ वर स्पष्ट दिसतात. इस्त्री करा, खालून चिमटे लावून ताणा.

स्थळाच्या फोटोबद्दल मनापासून सांगतो. गिऱ्हाईक म्हणेल, "भाऊ, थोडा गोरा करा." लेन्स आणि अंतर नीट ठेवले, छत्रीचा उजेड डोळ्यांच्या थोडा वरून घेतला, तर सावळा चेहरा इतका देखणा येतो की तो उजळायची गरज पडत नाही. आधी तो फोटो स्क्रीनवर दाखवा. बहुतेक वेळा पुढची मागणी तिथेच थांबते. म्हाताऱ्या शेतकऱ्यांचा फोटो काढताना पांढरा सदरा आणि टोपीमुळे कॅमेरा फसतो, पांढऱ्याला सांभाळायला जातो आणि उन्हात रापलेला चेहरा काळवंडतो. एक्स्पोजर चेहऱ्यावर ठरवा. आणि यासाठीही मला ५० आवडते: सहा-सात फुटांवर उभे राहून आजोबांशी बोलता येते. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला बारा फुटांवरून "मान थोडी इकडे" म्हणून ओरडावे लागले की त्याचा चेहरा आखडतो.

तान्हा पोळ्याला तुमच्या दारात रांग लागेल हे धरून चला. सजवलेली पोरे आणि लाकडी बैल. इथे ३५ च्या आसपासची रिंग उपयोगी, कारण मूल आणि बैल दोन्ही हवेत. कॅमेरा पोराच्या छातीच्या उंचीवर आणा, म्हणजे जमिनीवर बसूनच काढा. उभ्याने काढले तर डोके मोठे आणि पाय बारीक दिसतात, बैल तर चपटाच होतो. मुले एका जागी राहत नाहीत, म्हणून एफ/५.६ वर राहा.

ग्रुपसाठी आडवी चौकट, ३५ मिमी आणि दहा फूट, यात सव्वासहा फूट रुंदी येते. चार माणसे खांद्याला खांदा लावून बसतात. सात-आठ जण असतील तर दोन ओळी करा, मागच्यांना बाकावर किंवा पाटावर चढवा, आणि छपरीतून काढा. लेन्स रुंद करून कडेच्या माणसाला ताणू नका. कडेला उभी असलेली आत्या रुंद लेन्समध्ये विनाकारण जाड दिसते आणि ती ते विसरत नाही.

८५ कधी घ्यायची? खोलीला लागून भिंत पाडून बावीस-पंचवीस फूट सलग लांबी मिळाली की, किंवा बाहेर शेतात, पराटीच्या (कपाशीच्या) पांढऱ्या वावरात पोर्ट्रेट काढायची कामे वाढली की. बाहेरच्या कामासाठी तरी आधी जुनी ५५-२५० घ्या. ती ८५ वर एफ/४.५ च्या आसपास उघडते, आणि मोकळ्या वावरात मागची झाडे शंभर फुटांवर असल्यामुळे तेवढ्यानेही ती छान विरतात.

जुनी लेन्स नागपूरला सीताबर्डीत घ्या की अमरावतीला, दिवसा जा आणि खिशात टॉर्च ठेवा. लेन्सची दोन्ही झाकणे काढून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरके बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी, भाव कितीही पाडला तरी घेऊ नका. थोडी धूळ चालते. कॅमेऱ्यावर लावून एफ/८ ला काही फोटो काढा. प्रत्येकाचा उजेड सारखा आला नाही तर आतली पाती चिकटत आहेत. जवळ-दूर फोकस करून मोटरचा आवाज ऐका, मागचे पितळी बिंदू काळे पडलेत का बघा.

घेतलेली लेन्स कूलरपासून लांब ठेवा. एप्रिल ते जून आपण कूलरशिवाय राहू शकत नाही, पण बंद खोलीत गवताच्या जाळीतून येणारी ओली हवा आणि अंधारे कपाट यात बुरशी पावसाळ्याची वाट बघत नाही. कातडी पाकिटात लेन्स ठेवू नका. रबरी कडेचा हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक, एवढे पुरे. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा निळे करा. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात गंजी लावली असेल तर त्या खोलीत लेन्स बदलू नका, तंतू थेट सेन्सरवर बसतात. मे महिन्यात मोटरसायकलच्या डिक्कीत कॅमेरा ठेवून लग्नाला जेवायला बसू नका. आणि कूलरचा झोत पडद्यावर येत असेल तर फोटो काढेपर्यंत तो बंद ठेवा.